फाळक्यावरचा हात

“ब्रेक कोठी हाय याचा?” उदेभान ओरडला, आणि उत्तर यायच्या आत यान स्थानकाच्या भिंतीवर जाऊन आदळले.

पडदा आधी पांढरा झाला, मग काळा. मागच्या फळीवर ठेवलेल्या मोबाइलमधून हसण्याचा आवाज आला.

“बाबा, याले ब्रेक नसते.”

“बिनाब्रेकची गाडी? मंग आरटीओत पास कोनं केली इले?”

“अंतराळात पास कराले कोन बसला हाय? तिथं हवा नाई, डांबर नाई, घासाले काईच नाई. एकदा ढकलली का गाडी जातच रायते. थांबवाची असन त तेवढाच जोर उलटा लावा लागते.”

उदेभानने खाली पाहिले. त्याचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, अंगठा वाकेपर्यंत. त्या जोराने चाकांची खुर्ची मागे सरकली होती आणि हात कळफलकापासून वीतभर दूर आले होते. ब्रेक मारला की ड्रायव्हरच मागे जातो, अशी गाडी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तो उठला, अंगणातून एक दगड आणला आणि चढावर ट्रक उभा करताना लावतात तसा खुर्चीच्या मागच्या चाकाला लावला.

“काय करून रायले?” मोबाइलने विचारले.

“दगड लावला चाकाले.”

पुन्हा हसणे. या वेळी त्यात लीलाबाईचाही आवाज मिसळला होता. नागपूरच्या दवाखान्यात, काचेच्या दाराआडच्या त्या खोलीत मायलेक हसत होते, म्हणजे आजचा दिवस बरा होता. उदेभानने तेवढे मनात टिपून घेतले.

“चाल,” तो म्हणाला, “फिरून लाव.”

उदेभान उईके सडक अर्जुनीचा. गोंदियाच्या एका राइस मिलचा तांदूळ घेऊन रायपूर, संबलपूर, कधी थेट कोलकात्यापर्यंत जाणारा ट्रक तो चालवी. या कामात त्याचे केस पिकले. त्याच्या हातून ना कधी माणूस मेला, ना गाडी उलटली. याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते, आणि त्यालाही ते पुरेसे वाटे.

धाकटा हिमांशू एकोणीस वर्षांचा. त्याला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून जागोजागी अडकत आणि हाडे कुणी ठेचत असल्यासारखी दुखत. गावात सिकल असलेली घरे पुष्कळ होती, त्यामुळे दुखणे नवे नव्हते. नवे होते ते औषध. मोठी बहीण दिव्या हिचा बोन मॅरो त्याला जुळला. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचा काढून याला दिला आणि तो अंगात रुजेपर्यंत हिमांशूला एका बंद खोलीत ठेवले. जवळ एकच माणूस राहू शकत होते. ती लीलाबाई. टोपी, मास्क आणि निळा झगा घालून ती रात्रंदिवस तिथे बसली होती. दिव्या मावशीकडे राहून कंबर धरत धरत डबा पोचवत होती.

उदेभानला मिलच्या कोंड्याचा जुना खोकला. छातीचे फोटो, थुंकीची तपासणी, सगळे साफ आले, पण डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, “काका, खोकला आहे तोवर या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही.” त्याने जिन्याखाली दोन दिवस काढले. मग लीलाबाईनेच फोनवर सांगितले, “अजी, तुमी घरी जा. तुमी खाली खोकलून रायले, मी वर आयकून रायली. कायले दोघंही तरास घेता?”

तो घरी आला. मालकाने गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसवला होता. पोरगा घरी येईपर्यंत आराम कर, असे तो चांगल्या मनाने म्हणाला. मुलीने हाडातले दिले होते, बायकोने झोप दिली होती. उदेभानकडून कोणालाच काही लागत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदाच तो घरात होता आणि घरातली माणसे बाहेर.

तिसऱ्या दिवशी हिमांशूचा फोन आला.

“बाबा, माही गाडी घरी आनून देता का?”

ही गाडी म्हणजे संगणकावरच्या खेळातले एक यान. दुखणे ओसरल्यावर अंगात त्राण नसे, तेव्हाचे दिवस हिमांशू त्या खेळात काढी. बाकीची पोरे त्यात लढाया करत. हा मात्र एकटा, जिथे कोणी गेले नव्हते तिकडे निघाला. वर्षभर जात राहिला. वाटेत जे तारे सापडले त्यांची माहिती यानातच साठत होती. ते यान सुखरूप स्थानकावर आणून लावले, की त्या प्रत्येक ताऱ्यापुढे पहिल्यांदा पाहणाऱ्याचे नाव चढे. पुढे कोणीही तिथे गेले तरी ते नाव वाचणार. यान वाटेत फुटले तर सगळे गेले. तो परतीच्या वाटेवर असतानाच दवाखान्यातली खोली रिकामी झाल्याचा निरोप आला आणि यान एका बिननावाच्या ताऱ्याशेजारी उभे राहिले. त्यात खेळाच्या कंपनीने कळवले, की महिनाअखेरीला हा जुना खेळ बंद होईल. तोवर जे नोंदले गेले तेवढेच नव्या खेळात जाईल.

“तुह्या दोस्ताले सांग ना,” उदेभान म्हणाला. “थो गुलशन करून देईन.”

“दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नये, हे कोन म्हणते घरात?”

हे उदेभानच म्हणत असे.

“माह्या हातून फुटली त?”

“म्हणून त पयले शिका. सरावाची गाडी फुकट भेटते. कितीही फोडा.”

आणि उदेभानने फोडल्या. मोबाइल मागच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवायचा, त्याचा कॅमेरा पडद्याकडे. म्हणजे हिमांशूला यान दिसे. उदेभानला मात्र हिमांशू दिसत नसे, पाठीमागून त्याचा आवाज तेवढा येई. पहिल्या दिवशी त्याने हॉर्न कुठे आहे ते विचारले आणि नाही म्हटल्यावर बराच वेळ नाराज राहिला. त्याची जाडजूड बोटे एका वेळी दोन कळा दाबत. ट्रकची सवय शेवटच्या क्षणी ब्रेक मारण्याची. इथे अर्धी वाट सरली की थांबण्याची तयारी सुरू करावी लागे. रस्ता रिकामा दिसतो आहे आणि तरी वेग पाडायचा, हे त्याच्या पायाला पटत नव्हते. पाय फरशी दाबत राही आणि यान स्थानकाच्या पुढे निघून जाई.

“बाबा, घाट उतरताना काय करता?”

“गिअर आधीच पाडतो.”

“मंग हा घाटच समजा. सगळं अंतराळ एक उताराचा घाट.”

हे डोक्यात बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सरावाचे यान पहिल्यांदा हळूहळू, सरळ रेषेत स्थानकाच्या तोंडाशी आणले. पुढे एक मोठे मालवाहू यान आत शिरत होते. उदेभानने आपले यान अलगद त्याच्या मागे लावले. नाक्यावर पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून बांबू खाली यायच्या आत निघून जायचे, ही विद्या हायवेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला येते. तो अर्धा आत गेला. पडद्यावर लाल अक्षरे आली. मग चारी बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या.

“परवानगी मांगली का?” हिमांशू ओरडला.

“पुढच्यानं मांगली ना!”

“त्यानं त्याची मांगली. तुमाले तुमची मांगा लागते!”

“एका लग्नाले आठ जन गेलो त आठही जन पत्रिका दाखवतो का?”

तोवर यान फुटले होते. पाठीमागे हिमांशूला हसू आवरत नव्हते. “आठ जन,” तो म्हणत होता, “माय, आयकलं का, आठ जन.”

उदेभानही हसला. मग त्याला वाटले, आपण पोराला एवढे हसताना कधी ऐकले? आठवून पाहिले. फार मागे जावे लागले.

हिमांशू दहा वर्षांचा असतानाची गोष्ट. क्लीनर लग्नाला गावी गेला होता म्हणून सुट्टीत उदेभानने पोरालाच बरोबर नेले. रायपूरच्या गोदामात गाडी मागे घ्यायची होती. ड्रायव्हरला मागचे दिसत नाही; मागे उभा राहणारा फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, हाताने ठोकून सांगतो. सावकाश एकेक ठोका म्हणजे येऊ द्या. लागोपाठ दोन म्हणजे जागीच थांब. हिमांशूने तेवढ्या वयात गाडी अशी लावून दिली, की हमालांनी त्याला चहा पाजला. घरी आल्यावर महिनाभर तो कपाटावर, खाटेवर, शेळीच्या पाठीवर ठोके देत फिरला. पुढच्याच फेरीत, रस्त्यात, त्याचे हाडांचे दुखणे उठले. उदेभान एका हाताने गाडी चालवत आणि दुसऱ्याने पोराचे पाय दाबत देवरीपर्यंत आला. त्यानंतर लीलाबाईने त्याला कधी गाडीवर पाठवले नाही.

मग दुखणे घरी उठत राहिले आणि उदेभान रस्त्यावर राहिला. फोन येई. “बाबा, कुठपर्यंत आले?” उदेभान सांगे, “हे काय, देवरीले आलो. तासाभरात घरी.” तेव्हा गाडी रायपूरच्याही पलीकडे असे. पोराला खोटे कळत असे. तो फक्त “बरं” म्हणे.

आठवडाभर असा सराव झाल्यावर हिमांशूने खरे यान बापाच्या हाती दिले. त्या सकाळी उदेभानने आंघोळ करून एक लिंबू खुर्चीच्या चाकाखाली ठेवले, दगड काढला आणि खुर्ची पुढे ढकलून लिंबू फोडले. हिमांशूने आवाज ओळखला असावा. “चाला आता,” तो म्हणाला.

परतीची वाट उड्यांची होती. एका ताऱ्यापासून उडी मारली की दुसऱ्या ताऱ्यापाशी निघायचे. इंधन तिथेच भरायचे, ताऱ्याच्या कडेकडेने जाऊन. सूर्यापासून डिझेल मिळते हे उदेभानला आवडले होते. पण हिमांशूने एक गोष्ट बजावली होती. “दूर गेले त टाकी भरत नाई, जवर गेले त गाडी भाजते. माह्याशिवाय सूर्याजवर जाचं नाई.”

चार दिवस सगळे सुरळीत चालले. मग एका सकाळी लीलाबाईने फोन उचलून सांगितले, “ताप हाय त्याले. आज नोका.” आवाज नेहमीचा होता, पण बोलणे तुटक. दुसऱ्या दिवशीही तेच. महिना संपत आला होता. उदेभानने विचार केला, की दोन उड्या आपण एकट्याने मारल्या तर तेवढीच वाट कमी होईल. पहिली उडी नीट झाली. दुसऱ्या ताऱ्याच्या कडेने टाकी भरत असताना त्याच्या घशात कोंडा उठला. तो खोकला, थांबला, पुन्हा खोकला, आणि कळेवरचे बोट तसेच दाबलेले राहिले. पडदा पिवळा झाला, मग पांढरा. भोंगे वाजले. तो यान बाहेर काढू शकला तेव्हा समोरच्या काचेत एक लांब तडा गेला होता, डावे इंजिन धड चालत नव्हते, आणि यानाचा जीव शंभरातला एकतीस उरला होता.

तो कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून बसला. मग संध्याकाळी फोनवर लीलाबाईने विचारले, “थो इचारून रायला, गाडी बरी हाय का?”

“बरी हाय,” उदेभान म्हणाला.

“तुमचा आवाज काऊन असा येऊन रायला?”

“कोंडा.”

पुढच्या सकाळी लीलाबाईने सांगितले, की हिमांशूच्या तोंडात, घशात फोड आले आहेत. पाणीही गिळवत नाही, बोलणे बंद झाले. डॉक्टर म्हणतात हे होतच असते. नवा मॅरो काम करू लागला, पेशींची काउंट वर आली, की आपोआप बरे वाटेल. कधी येईल ते सांगता येत नाही.

उदेभान कशाचा कशाशी मेळ घालणारा माणूस नव्हता. पोराचे तोंड आणि आपण भाजलेले यान यांचा काही संबंध नाही, हे त्याला कळत होते. तरी त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही.

उरलेल्या उड्या त्याने टाकीत होते तेवढ्यावरच, पुन्हा सूर्याजवळ न जाता मारल्या, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी यान घरच्या स्थानकासमोर आले. दुपारची वेळ होती. बाजूला भैय्यालालची पिठाची चक्की. ती सुरू झाली की उदेभानच्या घरातले दिवे मंद होत आणि संगणक एकदोनदा बंदही पडला होता. उदेभान चक्कीवर गेला. चारपाच बाया डबे घेऊन बसल्या होत्या.

“भैय्यालाल, घंटाभर चक्की बंद ठेवतो का?”

“काऊन गा?”

“गाडी लावाची हाय.”

“तुही गाडी त संबलपूरले गेली ना?”

“हिमांशूची.”

भैय्यालालने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. “उसकी कौनसी गाडी, भाऊ?”

उदेभानने सांगितले. जेवढे सांगता आले तेवढे. बाया डबे धरून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर भैय्यालालने खटका खाली ओढला. “बाई लोग, बाद में आना,” तो म्हणाला. “लाइन गेली समजा.” आणि हात झटकत उदेभानच्या मागे आला. “मी पाहू का?”

“पाय. पन बोलू नोको.”

उदेभानने मोबाइल फळीवर ठेवला. लीलाबाईने तिकडे आपला मोबाइल जेवणाच्या सरकत्या टेबलावर उभा केला असावा. आधी भांड्याचा आवाज आला, मग तिचा. “अजी, लावला जी त्याच्या समोर. बोलत नाई, पन पाहून रायला. इचारून रायला.”

“बोलत नाई त इचारते कसा?”

“मी ओठ पाहून सांगून रायली. म्हणते, कुठपर्यंत आले?”

उदेभानने खुर्ची ओढली, दगड चाकाला लावला, बसला. उत्तर तोंडाशी तयार होते. इतकी वर्षे तेच उत्तर दिले होते.

“सांग त्याले,” तो म्हणाला, “दारात हाय. पन गाडीनं मार खाल्ला हाय. दोन दिवसांआंधी सूर्याजवर खोकला आला मले. एकटाच होतो. काच तडकली, डावं इंजिन गेलं. त्याच सांजेले इचारलं तवा मी खोटं बोललो.”

दारात उभा असलेला भैय्यालाल पायांची बोटे हलवत राहिला. उदेभानला वळून मोबाइलकडे पाहावेसे वाटले, पण तो वळला नाही. फोनच्या पडद्यावर पोराचा चेहरा असणार होता. तो त्याला आता बघायचा नव्हता. त्याने परवानगीची कळ दाबली. पडद्यावर हिरवी अक्षरे आली. आत कुठे उतरायचे ते दाखवणारा बाण उजळला.

तेवढ्यात मागून आवाज आला. ठक.

लोखंडावर हाड लागावे तसा. उदेभानला वाटले, टेबल हलले.

पुन्हा. ठक.

मग थोडे थांबून, ठक.

“काय वाजून रायलं?” त्याने विचारले.

“त्यानंच,” लीलाबाई म्हणाली. “पलंगाच्या दांडीवर हात मारून रायला. काय पायजे रे? बोटं दुखन ना रे...”

“थांब, त्याले रोकू नोको,” उदेभान म्हणाला.

त्याने कळेवर बोट ठेवले आणि यान पुढे सोडले. ठक. स्थानक जवळ येऊ लागले. ठक. त्याचे तोंड म्हणजे एक आडवी चीर, सगळे स्थानक फिरत असल्यामुळे तीही फिरत होती, आणि आपणही त्याच गतीने फिरत आत जायचे होते. डावे इंजिन मरतुकडे, त्यामुळे यान डावीकडे ओढत होते. तो उजवीकडे सावरत होता. सावरणे थोडे जास्त झाले.

ठकठक.

त्याने जोर उलटा लावला. यान चिरेच्या काठापाशी येऊन थांबले, काठ काचेतल्या तड्याला जवळजवळ टेकला. त्याने श्वास सोडला नाही. काठ हळूहळू बाजूला फिरून गेला. समोर मोकळे अंधारे तोंड आले.

ठक.

तो आत शिरला. ठक. भिंती दोन्हीकडून सरकत गेल्या. ठक. समोरून एक मोठे यान बाहेर निघत होते. उदेभानचा हात सवयीने हॉर्नकडे गेला, तिथे काही नव्हते. ठकठक. तो थांबला, आलेल्याला जाऊ दिले. मागे ठोके बंद होते. पोरगाही वाट पाहत होता. मग पुन्हा, आधीपेक्षा हलका, ठक. खोकला घशात येऊन बसला होता. उदेभानने दात आवळून तो धरून ठेवला, डोळ्यांतून पाणी आले तरी. खाली आपला चौकोन दिसू लागला, दिवे लावलेला. यान त्यावर आले. ठक. थोडे खाली. ठक. आणखी थोडे.

ठोका आला नाही. उदेभानही हलला नाही. यान चौकोनावर तरंगत राहिले, जरासे डावीकडे कलत. त्याने कलणे सावरले. मग ठक. तो खाली आला. एक धक्का, खडखड, पाय टेकल्याचा आवाज.

ठकठक.

उदेभान खोकला. पोटभर खोकला, टेबलाला धरून, पाठ वाकवून. भैय्यालालने तांब्या पुढे केला.

“लागली का?”

“लागली.”

“बरं झालं, बाप्पा,” भैय्यालाल म्हणाला आणि स्वतःच्याच कपाळावरचे पीठ पुसले.

नोंदणीची खिडकी उघडायची हिमांशूने आधीच शिकवले होते. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. इंग्रजी उदेभानला गाड्यांच्या पाट्यांपुरतेच येत होते. त्याने एकेक अक्षर लावून पाहिले. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच होते: हिमांशू उईके. ओळी वर सरकत राहिल्या, थांबेचनात. त्याने सगळ्या वाचल्या नाहीत. मग तो उठला आणि मोबाइल हातात घेतला. पडद्यावर लीलाबाईचा मास्कमधला चेहरा होता, फार जवळ.

“दिसलं का त्याले?” त्याने विचारले.

“पाहिलं. हात वर केला.” ती कुजबुजत होती. “झोपला आता. तीन दिवसांनी झोपला, अजी.”

“बोटं पाय त्याची. लागली असन.”

“पाहिली. लाल झाली, बस.” मग ती म्हणाली, “आनखी एक सांगाचं रायलंच. सकाळी डॉक्टरबाई आल्या होत्या. काउंट जराशी वर आली म्हणते. दिव्याचं रुजून रायलं म्हणे. मी तवाच सांगत होती फोनवर, त यानं मले हातानं चूप केलं. आधी गाडी लागू दे म्हणे.”

उदेभान फळीवरचा डबा सरळ करत राहिला.

“आयकून रायले ना?”

“आयकून रायलो.”

“खोकला कमी करा आता. अद्रक घ्या. त्याले काचेतून तरी भेटाले या. मास्क लावून चालन म्हणते डॉक्टरबाई.”

“येतो.”

“कधी येता?”

तो उत्तर द्यायला लागला होता, थांबला. “सकाळच्या गाडीनं,” तो म्हणाला. “आज अजून घरीच हाय.”

तिने फोन पुन्हा टेबलावर ठेवला. बंद करायचे तिला सुचले नसावे. उदेभानने मोबाइल फळीवर नेऊन ठेवला आणि खुर्चीत परत बसला. भैय्यालाल गेला. थोड्या वेळाने पलीकडे चक्की सुरू झाली, बल्बचा उजेड उतरला आणि पुन्हा चढला. पडद्यावर यान आपल्या चौकोनात उभे होते, काच तडकलेली, दिवे चालू.

लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीचे इंजिन लगेच बंद करायचे नसते. थोडा वेळ तसेच फिरू देऊन निवू द्यायचे असते. त्याने काही बंद केले नाही. चक्कीच्या घरघरीखालून, मागच्या फळीवरून, झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा.

बऱ्याच वेळाने पोटरी दुखते आहे असे त्याच्या लक्षात आले. त्याने खाली पाहिले. मग फरशीवर दाबून धरलेला उजवा पाय त्याने उचलला.